स्पोर्ट बाइकला स्लायडर आणि जादा दिवे बसवताना

कुठलीही जादा वस्तू गाडीवर चढवण्याआधी मी एकच गोष्ट बघते: ही बिघडली किंवा तुटली, तर मूळ गाडी शाबूत राहील का? दिव्याच्या वायरीत शॉर्ट झाला तर तेवढा दिवा विझावा, इंजिन बंद पडू नये. गाडी आडवी झाली तर स्लायडर, म्हणजे फ्रेमच्या बाजूला बसणारा आणि पडल्यावर आधी जमिनीला टेकणारा गट्टू, घासला जावा, फार तर त्याचा बोल्ट वाकावा, पण फ्रेमला चीर जाऊ नये. दिसायला कसं आहे, हे त्यानंतर.

दोन्ही कामं एकदमच काढा. दोन्हीसाठी फेअरिंग, म्हणजे गाडीवरचं प्लॅस्टिकचं आवरण, उतरवावं लागतं आणि त्याच्या प्लॅस्टिक क्लिपा दर खेपेला थोड्या सैल होत जातात. फेअरिंगचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर फेअरिंगची आकृती काढा आणि ज्या जागेचा स्क्रू तिथेच खोचून ठेवा. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर तो आतल्या वायरिंगमध्ये घुसू शकतो.

आधी स्लायडर

फ्रेम स्लायडर बहुतेक गाड्यांवर इंजिन माउंटच्या, म्हणजे इंजिन फ्रेमला धरणाऱ्या, बोल्टच्या जागी बसतो. म्हणजे तुम्ही जो बोल्ट काढणार, तो इंजिनाचं वजन पेलत असतो. गाडी पॅडॉक स्टँडवर (चाक उचलून गाडी सरळ धरणारा स्टँड) उभी करा, इंजिनाखाली लाकडाची फळी ठेवून जॅक लावा आणि नुसता टेकेल इतकाच वर आणा. जास्त उचललात तर बोल्ट भोकात अडकून बसतो. बोल्ट हाताने सहज फिरू लागला की जॅकची उंची बरोबर आहे असं समजा. एका वेळी एकच बाजू उघडा. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदम काढलेत तर इंजिन खाली सरकतं आणि मग भोकं जुळवताना घाम निघतो.

जुना आणि नवा बोल्ट शेजारी ठेवून बघा. स्लायडरची जाडी वजा केल्यावर आत जाणारा आट्याचा भाग जुन्याइतकाच भरला पाहिजे, आट्यांची घडण तीच पाहिजे आणि डोक्यावरचा ग्रेड, म्हणजे मजबुतीचा आकडा, उदाहरणार्थ १०.९, मूळ बोल्टपेक्षा कमी नको. वॉशर आणि स्पेसर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा. नवा बोल्ट पहिले काही आटे बोटांनीच गेला पाहिजे. अडला तर बाहेर काढा, पाना लावून रेटू नका. समोरचे आटे बहुधा ॲल्युमिनियममध्ये असतात आणि स्टीलचा बोल्ट त्यांना एका झटक्यात खाऊन टाकतो. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच करा, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच (टॉर्क) आवळणाऱ्या पान्याने. आकडा किटच्या सूचनेत असेल तर तो घ्या, नसेल तर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या बोल्टसाठी दिलेला. आटे ओले असले की त्याच टॉर्कला बोल्टवर ताण जास्त येतो, म्हणून किटमध्ये सांगितलं नसेल तर तेल किंवा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा डिंक) लावू नका.

निवड करताना नायलॉन किंवा डेलरिन या कठीण प्लॅस्टिकचा स्लायडर घ्या. तो रस्त्यावर घसरतो. नुसता धातूचा कोपरा रस्त्यात रुततो. आणि आखूड घ्या. एका बोल्टवर लांबच लांब बाहेर आलेला स्लायडर आपटला की तरफेसारखं काम करून सगळा जोर फ्रेमवर टाकतो. दोन ठिकाणी बोल्ट घेणारी प्लेट असेल तर ती केव्हाही बरी. उभी गाडी कलंडली किंवा वळणावर घसरली तर स्लायडर फेअरिंग आणि इंजिनाचं कव्हर वाचवतो. वेगात तो कठड्याला अडकला तर मात्र फ्रेमच दुखावू शकते, हे बसवण्याआधी माहीत असलेलं बरं.

फेअरिंग न कापता बसणारं किट मिळत असेल तर तेच घ्या. कापणं अटळ असेल तर बोल्टच्या टोकाला रंगाचा ठिपका लावून फेअरिंग जागेवर दाबा, आतून खूण मिळते. बाहेरून मास्किंग टेप, मागून लाकडाचा आधार, आधी ३ मिमीचं भोक आणि मग होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत), तोही सावकाश, कारण वेगात प्लॅस्टिक वितळून चिकटतं. भोक स्लायडरपेक्षा थोडं मोठं ठेवा, नाहीतर कंपनाने कडेपासून तडा धावतो.

हँडलच्या टोकांचे बार एंड, चाकाच्या आसाचे ॲक्सल स्लायडर, ब्रेक-क्लचच्या लिव्हरचे गार्ड ही तासाभराची कामं आहेत. फक्त लिव्हर गार्ड बसवल्यावर ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबून बघा, काही अडायला नको.

मग दिवे

दिवा फेअरिंगच्या प्लॅस्टिकवर कधीही बसवू नका. ब्रॅकेट धातूवरच घ्या. फोर्कवर, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकअप नळ्यांवर, क्लॅम्प लावत असाल तर फोर्क पूर्ण दबल्यावर दिवा फेअरिंगला किंवा ब्रेकच्या होजला लागत नाही ना, ते बघा.

आता हिशेब. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट. १२ व्होल्टला साधारण ३.३ अँपिअर. त्याला ५ अँपिअरचा फ्यूज आणि १.५ चौरस मिमीची वायर पुरते. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कुणाचंच संरक्षण नसतं. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पॉझिटिव्हवर काम करताना पाना फ्रेमला लागला तरी ठिणगी उडत नाही.

दिव्यांचा प्रवाह रिलेतून न्या. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. त्यावर चार आकडे असतात. ३० ला फ्यूजमधून आलेली बॅटरीची वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८५ अर्थिंगला आणि ८६ ला स्विचमधून येणारा इशारा. हा इशारा टेललॅम्पच्या किंवा कंपनीने दिलेल्या ॲक्सेसरी कनेक्टरवरून घ्या, म्हणजे चावी बंद की दिवेही बंद. रिलेत डायोड असेल तर ८५ आणि ८६ ची अदलाबदल चालत नाही. कॅन बस (गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती डेटाची लाइन) असलेल्या गाडीत हेडलाइटच्या किंवा इंडिकेटरच्या वायरींना हातच लावू नका. तिथला कंट्रोलर जादा भार ओळखून एरर दाखवतो किंवा ती लाइनच बंद करतो.

वायर न सोलता चिमट्यासारखे दाबून बसवायचे टॅप मला अजिबात चालत नाहीत. त्यांचं पातं मूळ वायरीच्या काही तारा कापतं आणि त्या फटीतून पाणी आत जातं. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवर असा टॅप उघडला की तांबं हिरवट-काळं पडलेलं असतं आणि तो काळेपणा इन्सुलेशनच्या आत बोटभर पसरलेला असतो. म्हणजे खराब झाली ती गाडीची मूळ वायर. त्यापेक्षा योग्य मापाचा क्रिम्प (दाबून बसवायचा धातूचा जोड), क्रिम्पिंगच्या पकडीनेच दाबलेला, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी. नळी जोड करण्याआधीच वायरीत ओवून ठेवा. जोड झाला की जोर लावून ओढून बघा. नुसतं सोल्डर केलेली वायर कंपनाने सोल्डर संपतं तिथे तुटते.

वायर मुख्य वायरिंगच्या सोबतीने न्या, सायलेन्सरपासून लांब. हँडलच्या मानेपाशी थोडी ढील सोडा आणि हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवून बघा. वायरी तुटतात त्या बहुतेक इथेच. रिले टर्मिनल खाली करून बसवा, पाणी साचत नाही.

दिव्यांचा रोख सपाट जमिनीवर, भिंतीपासून साडेसात मीटरवर, स्वार गाडीवर बसलेला असताना ठरवा. भिंतीवर लो बीमची वरची कड जिथे पडते, त्याच्या खालीच जादा दिव्याचा प्रकाश राहिला पाहिजे. मागे माणूस बसला की पुढचा रोख वर जातो, तेवढी जागा आधीच सोडा. समोरच्याच्या डोळ्यात जाणारा दिवा तुमचाच घात करू शकतो, कारण आंधळा झालेला माणूस तुमच्या दिशेनेच येत असतो. दिव्यांची संख्या, रंग आणि उंची यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. आपले वाचूनच बसवा.

सगळं जोडून झालं की मल्टिमीटर बॅटरीवर लावा. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. आता आयडलवर जादा दिवे, हाय बीम, ब्रेक लाइट सगळं लावा, रेडिएटरचा पंखाही सुरू होऊ द्या. आकडा १३ च्या खाली गेला तर गर्दीत थांबल्यावर दिवे स्विचने बंद करायची सवय लावा किंवा कमी वॅटचे दिवे घ्या.

शेवटचं काम म्हणजे स्लायडरच्या आणि ब्रॅकेटच्या प्रत्येक बोल्टवर डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. पाचशे किलोमीटरनंतर ती तपासा. रेघ सरकलेली दिसली तर नुसता पुन्हा आवळू नका. जॅक लावून बोल्ट बाहेर काढा, आटे बघा आणि मगच टॉर्क द्या.