डायबेटिसच्या रुग्णाला औषध देताना: शुगर, जेवण आणि डोस यांचा मेळ

डायबेटिसच्या रुग्णाला औषध देण्याआधी नर्सला तीन गोष्टी माहीत हव्यात: आत्ता शुगर किती आहे, पुढचं जेवण नक्की कधी येणार आहे आणि याआधीचा डोस कधी दिला गेला. यातली एक जरी कळत नसेल, तर सिरिंज बाजूला ठेवून आधी तिची खात्री करावी. इन्सुलिन वेळेवर दिलं, पण ताट उशिरा आलं. रुग्णाला तेवढ्यात सोनोग्राफीला नेलं. दोन घास खाऊन उलटी झाली. डोस बरोबर असूनही शुगर घसरते ती अशाच वेळी.

म्हणून प्रत्येक इन्सुलिनची वेळ पाठ असावी. लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट यांसारखं झटपट इन्सुलिन 10 ते 15 मिनिटांत काम सुरू करतं. ते जेवण समोर आल्यावरच द्यावं. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी 30 मिनिटं देतात, त्याचा जोर 2 ते 4 तासांनी असतो. दुधाळ दिसणाऱ्या एनपीएच (मध्यम काळ चालणाऱ्या) इन्सुलिनचा जोर साधारण 4 ते 10 तासांनी येतो, त्यामुळे रात्री दिलेल्या डोसचा फटका मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे बसू शकतो. रुग्ण झोपेत घामाघूम झाला, बडबडला किंवा सकाळी डोकं दुखत उठला, तर त्या रात्री 3 वाजता शुगर तपासावी. ग्लार्जिन हे दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन जवळपास दिवसभर सारखं काम करतं; ते दुसऱ्या कोणत्याही इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचं नाही.

रुग्ण उपाशी ठेवला असेल तर जेवणाचं इन्सुलिन थांबतं. पण टाइप 1 च्या (ज्याचं शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही अशा) रुग्णाचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन पूर्ण बंद करणं धोक्याचं आहे, कारण काही तासांतच कीटोन (चरबी जळताना रक्तात तयार होणारी आम्लं) वाढायला लागतात. डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावं.

आता सिरिंज. इथली चूक जिवावर बेतू शकते. इन्सुलिनच्या बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट की 100 युनिट हे छापलेलं असतं, आणि सिरिंजही त्याच मापाची लागते. 40 च्या सिरिंजचं टोपण सहसा लाल, 100 च्या सिरिंजचं नारिंगी. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत भरलं, तर रुग्णाला 10 नव्हे, 25 युनिट जातात. उलट केलं तर जेमतेम 4. टोपणाच्या रंगावर विसंबू नका. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा वाचा, आणि दुसऱ्या सिस्टरला स्वतंत्रपणे वाचायला लावा. चार्टवर ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. 10 पुढे इंग्रजी ‘यू’ घाईत लिहिला की तो शून्य वाटतो आणि 10 चे 100 होतात.

दुधाळ इन्सुलिन जोरात हलवू नये. तळव्यांत 10 वेळा घोळवून 10 वेळा उलटसुलट करावं. गुठळ्या राहिल्या तर टाकून द्यावं. पेन असेल तर आधी 2 युनिट हवेत सोडून सुईतून थेंब येतो का पाहा, आणि टोचल्यावर बटण दाबून 10 पर्यंत मोजा. सुई लगेच काढली तर औषध बाहेर ओघळतं. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याला वापरायचं नाही, कारण रक्त पेनमधल्या औषधाच्या काडतुसात परत शिरू शकतं. जागा दर वेळी बोटभर सरकवा. टोचून टोचून गाठ झालेल्या ठिकाणी दुखत नाही, म्हणून रुग्ण तीच जागा पुढे करतो; तिथे इन्सुलिन कमी-जास्त शोषलं जातं. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवावी, गोठू देऊ नये. उघडलेली साधारण 28 दिवस चालते, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

शुगर 70 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेली की ती कमी समजायची, 54 च्या खाली गंभीर. थरथर, घाम, धडधड, भूक ही नेहमीची लक्षणं. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयासाठीची औषधं) घेणाऱ्यांत थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. रुग्ण शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे सुमारे 3 चमचे, पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. 70 च्या वर येईपर्यंत हेच करा. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर हळू शोषली जाते. व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकारबोज या डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर साखर नको, ग्लुकोजच हवं. ही औषधं साखर फोडायचं काम अडवतात. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवा, मदत बोलवा, डॉक्टरांच्या आदेशानुसार शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) 100 मिली द्या. शीर नीट चालू असल्याची आधी खात्री करा, कारण डेक्स्ट्रोज बाहेर झिरपलं तर ऊती जळतात. शीर मिळत नसेल तर ग्लुकॅगॉन (शुगर वाढवणारं इंजेक्शन) 1 मिलिग्रॅम स्नायूत. शुद्धीवर आल्यावर जेवण द्यायला विसरू नये.

गोळ्यांमध्ये जास्त काळजी ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लॅमाइड, ग्लिक्लाझाइड यांची. त्यांनी घसरलेली शुगर डेक्स्ट्रोजने वर येते आणि काही तासांनी पुन्हा खाली जाते. वयस्कर किंवा किडनीच्या रुग्णाला ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी सोडू नका. निदान 24 तास निरीक्षणात ठेवा. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर द्या. जुलाब-उलट्या, ढासळलेली किडनी, कॉन्ट्रास्टचं (रंगद्रव्य टोचून केलेलं) स्कॅन यांपैकी काही असेल तर देण्याआधी विचारा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्याला मळमळ, पोटदुखी आणि धाप लागत असेल, तर शुगर 200 च्या आत दिसत असली तरी कीटोन तपासून घ्या. हीच औषधं शस्त्रक्रियेआधी साधारण 3 दिवस बंद करतात. पायोग्लिटाझोन चालू असेल तर रोज वजन करा आणि पायावरची सूज बघा.

ग्लुकोमीटरचा आकडा बोट साबणाने धुऊन, कोरडं करून घेतलेला असावा. बोटाला फळाचा रस लागला असेल तर आकडा खोटा वाढतो, आणि त्यावर इन्सुलिनचा जादा डोस दिला जातो.

घरी पाठवताना रुग्णाच्या जुन्या गोळ्यांची पिशवी मागून घ्या आणि पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव वाचा. दोन कंपन्यांची दोन नावं, आत तेच ग्लिमेपिराइड, असं आढळलं तर त्यातली एक गोळी डॉक्टरांना दाखवून तिथेच बंद करून घ्या आणि नातेवाइकांच्या कागदावर तसं लिहून द्या.