हँडवॉशला मोत्याचं पाणी: ‘मार्गारिक’ हा शब्द आणि त्यामागची कृती

मोती पाणीदार आहे असं आपण म्हणतो. त्या पाण्यासाठी युरोपच्या रसायनशास्त्रात एक शब्द होता, आता तो फारसा कुणी वापरत नाही: मार्गारिक. ग्रीक ‘मार्गारितेस’ म्हणजे मोती. १८१३ च्या सुमारास मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने डुकराच्या चरबीच्या साबणातून मोत्यासारखा चकाकणारा पदार्थ वेगळा केला आणि त्यातल्या आम्लाला हे नाव दिलं. पुढे १८५० च्या दशकात कळलं, की ते एक आम्ल नव्हतंच, पामिटिक आणि स्टिअरिक यांचं मिश्रण होतं. आज हे नाव १७ कार्बनच्या हेप्टाडेकॅनॉइक आम्लाला आहे. दुधाच्या चरबीत ते थोडंसं असतं. म्हणून जुन्या पुस्तकात हा शब्द भेटला, तर आधी पुस्तकाचं साल बघा. १८६९ मध्ये आलेल्या मार्गारीनचं नावही याच घराण्यातलं.

शब्द मागे पडला, पण ती चकाकी अजून स्टिअरिक आम्लाच्याच घरात आहे. मोतिया हँडवॉशमध्ये असतो ईजीडीएस, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल डायस्टिअरेट. गरम असताना तो वितळतो, निवताना त्याचे पातळ, चपटे स्फटिक होतात. हे स्फटिक एका दिशेला झोपले की प्रकाश थराथरावरून परततो, खऱ्या मोत्यात होतं तसाच. त्यामुळे आब मालाच्या वजनावर कमी आणि निववण्यावर जास्त अवलंबून असते. ठाण्या-नवी मुंबईतल्या बचत गटांचा हँडवॉश पांढरा होतो पण मोतिया होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

१ किलोसाठी: एसएलईएस म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट, फेस आणणारा मुख्य घटक (२८ टक्के द्रव) ३५० ग्रॅम, बीटेन म्हणजे सीएपीबी, त्याच्या जोडीचा सौम्य फेसकारी घटक (३० टक्के) ६० ग्रॅम, ग्लिसरीन २० ग्रॅम, ईजीडीएसच्या पापड्या १५ ग्रॅम, मीठ १५ ग्रॅमपर्यंत, प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून फेनॉक्सीइथेनॉल आणि इथिलहेक्सिलग्लिसरीनचं तयार मिश्रण ८ ग्रॅम, सुगंध ४ ग्रॅम, सायट्रिक आम्ल लागेल तसं, बाकी पाणी, म्हणजे साधारण ५२५ ग्रॅम. माल मस्जिद बंदर किंवा प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतो. ठाण्याहून सीएसएमटीच्या धिम्या लोकलने थेट मस्जिदला उतरता येतं. पाणी आरओचं घ्या. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत टँकर येतो, त्या पाण्यातल्या क्षारांचा भरवसा नसतो आणि मग मिठाचा हिशेब चुकतो.

५० ग्रॅम पाणी बाजूला काढा. उरलेल्या पाण्यात एसएलईएस, बीटेन आणि ग्लिसरीन फेस न करता मिसळा. पातेलं उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून ७५ अंशांपर्यंत तापवा. पापड्या टाका आणि एकही दिसेनाशी होईपर्यंत हळू ढवळा. अर्धवट विरघळलेली पापडी पुढे दाणा होऊन बसते, आणि तो दाणा नंतर कितीही ढवळला तरी जात नाही.

आता निववणं. आच बंद करा, पातेलं झाकून ठेवा. पंखा नको, सिंकमधल्या गार पाण्यात पातेलं ठेवणं तर अजिबात नको. ७५ वरून ४० अंशांवर यायला तासभर लागला पाहिजे. दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून चमचा संथ फिरवा. साधारण ५५ ते ४५ अंशांच्या दरम्यान द्रव आधी गढुळतो, मग चमच्यामागे रेशमी रेघा उठतात. हा टप्पा घाईत गेला, तर स्फटिक इतके बारीक होतात की द्रव ताकासारखा पांढरा दिसतो, चमक नाही. मिक्सर किंवा ब्लेंडर लावला, तर हवा अडकते आणि चपटे स्फटिक तुटतात.

४० अंशांखाली आलं की प्रिझर्व्हेटिव्ह आणि सुगंध घाला. सुगंध ठरल्यापेक्षा वाढवू नका, तेलकट द्रव्यं स्फटिक विरघळवतात आणि घट्टपणाही घालवतात. सायट्रिक आम्लाच्या द्रावणाचे थेंब टाकत पीएच ५.५ ते ६ वर आणा. शेवटी मीठ बाजूला ठेवलेल्या पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत घाला, दर वेळी ढवळून थांबा. मीठ प्रमाणाबाहेर गेलं की द्रव घट्ट होण्याऐवजी उलट पातळ होतो, आणि पातळ द्रवात स्फटिक तळाला बसतात. हवा तेवढा घट्टपणा आला की उरलेलं मीठ घालू नका.

काचेच्या ग्लासात थोडं काढून २४ तास ठेवा. वर पारदर्शक थर दिसला, तर घट्टपणा कमी पडला आहे. विकायचा विचार असेल, तर बाटल्या भरण्याआधी अन्न व औषध प्रशासनाकडून सौंदर्यप्रसाधनांचा उत्पादन परवाना घ्यावा लागतो.

मे महिन्यात बंद टेम्पोत माल फार तापला, तर आब उतरते. माल टाकून देऊ नका. पुन्हा ७५ अंशांपर्यंत तापवून तासभर निववलं की मोत्याचं पाणी परत येतं, फक्त उडून गेलेला सुगंध गार झाल्यावर थोडा घालावा लागतो.