गल्लीतलं काम वॉर्ड ऑफिसातून करून कसं घ्यावं

"आमच्या भागाकडे जरा लक्ष द्या" या तक्रारीला महापालिकेत टेबल नाही. खड्ड्याला आहे, फुटलेल्या चेंबरला आहे, बंद दिव्याला आहे, धोकादायक झाडालाही आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा संताप जसाच्या तसा अर्जात उतरवला, की तो कुणाकडे पाठवायचा हेच तिथल्या कारकुनाला कळत नाही. मग अर्ज या खात्यातून त्या खात्यात फिरतो आणि आपण म्हणतो, कुणी दखलच घेत नाही. प्रश्न घेऊन जाऊ नका, काम घेऊन जा. बाकीचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

खालची रीत मुख्यतः पुण्या-मुंबईसारख्या महापालिकांची आहे. नगरपरिषदेच्या गावात वॉर्ड ऑफिसच्या प्रमुखाच्या, म्हणजे सहायक आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी धरा, बरंचसं तसंच चालतं.

पायरी १: आधी पाहणी

समजा, कोपऱ्यावर पाणी तुंबतंय. पाऊस चालू असताना चार-पाच जणांनी छत्र्या घेऊन तिथं उभं राहायचं. पाणी येतं कुठून आणि अडतं कुठं, हे कोरड्या दिवशी कितीही डोकं लावलं तरी कळत नाही. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पावसाळी गटाराची जाळी पाल्याने आणि प्लास्टिकने बुजलेली असते, किंवा डांबरीकरण करताना ती चक्क डांबराखाली गाडली गेलेली असते. कधी केबल टाकणाऱ्याने सोय म्हणून गटाराच्या पाइपातूनच केबल ओढलेली असते आणि तिला अडकून गाळ साठतो.

बघणाऱ्याला तिन्ही ठिकाणी तेच गुडघाभर पाणी दिसतं, पण उपाय तीन आणि ते करणारी माणसंही वेगळी. पहिल्याला सफाईची टोळी लागते. दुसरं काम रस्ता करणाऱ्या ठेकेदाराच्या गळ्यात घालता येतं. तिसऱ्यासाठी खोदाईची परवानगी कुणी, कुणाला दिली ते शोधावं लागतं. म्हणून अर्ज लिहिण्याआधी ही भिजण्याची तयारी हवी.

फोटो काढताना मागे दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक येऊ द्या. मोजपट्टी पाण्यात उभी धरून एक फोटो घ्या. पाऊस थांबल्यावर पाणी ओसरायला किती वेळ लागला तेही टिपून ठेवा. "खूप पाणी साचतं" यावर वाद घालता येतो, पट्टीवरच्या आकड्यावर घालता येत नाही.

पायरी २: मालक कोण ते बघा

शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही राष्ट्रीय महामार्गाचे, मुंबईत काही एमएमआरडीएचे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. लोंबकळणारी विजेची तार महावितरणची किंवा त्या भागातल्या वीज कंपनीची. सिग्नलच्या वेळा आणि नो-पार्किंग हा वाहतूक पोलिसांचा प्रांत. झाडाची फांदी घरावर आली असली तरी स्वतः कुऱ्हाड चालवू नका. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ती मागायची जागा म्हणजे वॉर्डातला उद्यान विभाग. सोसायटीच्या फाटकाच्या आतलं मात्र सगळं आपलं. तिथल्या फुटक्या ड्रेनेजसाठी नगरसेवकाला वेठीला धरण्यात अर्थ नाही.

पायरी ३: अर्ज, एका कामाला एकच

सात तक्रारींचा एक अर्ज दिला की तो सात खात्यांत जातो आणि उत्तर एकाचंही येत नाही. त्यापेक्षा असं लिहा:

"विषय: गल्ली क्र. ३, दत्त मंदिराच्या कोपऱ्यावरील पावसाळी गटाराची जाळी डांबराखाली गेल्याबाबत. वरील ठिकाणी पूर्वी जाळी होती. मार्च महिन्यातील डांबरीकरणानंतर ती दिसत नाही. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पावसात येथे पाणी साचते. जाळी मोकळी करून रस्त्याच्या पातळीला बसवून द्यावी. फोटो व हाताने काढलेला नकाशा सोबत जोडला आहे. स्थळपाहणीच्या वेळी आम्ही हजर राहू."

एवढंच. करदाते असल्याची आठवण, लोकशाहीवरचं भाष्य, आंदोलनाचा इशारा यातलं काही लागत नाही. खाली दहा-पंधरा घरांच्या सह्या, आणि त्यात कोपऱ्यावरच्या दुकानदाराची सही असलीच पाहिजे, कारण दिवसभर तिथं असणारा साक्षीदार तोच. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. ही पोहोच हातात नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

मुंबईत १९१६ हा क्रमांक आणि इतर शहरांत महापालिकांची ॲप आहेत. कचरा, दिवा, खड्डा अशा किरकोळ कामांना ती बरी. त्यात एक खोड मात्र आहे. काम न होताच तक्रार "निकाली" दाखवली जाते. अशा वेळी त्याच दिवशीचा फोटो जोडून जुन्या क्रमांकाच्या उल्लेखासह ती पुन्हा टाका.

पायरी ४: कनिष्ठ अभियंत्याला गाठा

लोक थेट आयुक्तांना मेल करतात. तो मेल चार पायऱ्या उतरून शेवटी कनिष्ठ अभियंत्याकडेच येतो, आणि येतो तोवर त्याच्या कपाळावर आठी पडलेली असते. एखाद्या कामाचं एस्टिमेट तोच बनवतो, ठेकेदाराच्या कामाचं मोजमाप तोच लिहितो. आधी फोन करून वेळ घ्या, कारण त्याचा बराचसा दिवस साइटवर जातो. त्याला गल्लीत बोलवा, पण वीस जणांचा घोळका उभा करू नका. दोघं-तिघं पुरेत. मुद्दा एकच, हातात फोटो, आणि चहा झालाच पाहिजे.

जाताना विचारायचा प्रश्न: "साहेब, हे दुरुस्तीच्या बजेटमधून होईल, की नवीन तरतूद लागेल?" या एका उत्तरावर पुढचे सहा महिने ठरतात. दुरुस्तीतून होणार असेल तर पंधरवड्याने आठवण करत राहा. तरतूद लागणार असेल तर पुढची पायरी.

पायरी ५: अंदाजपत्रकाचा हंगाम साधा

आयुक्त आपलं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास स्थायी समितीपुढे ठेवतात, पण वॉर्डातल्या कामांच्या याद्या त्याआधी, पावसाळा सरता सरताच तयार व्हायला लागतात. मार्चमध्ये नवी मागणी घेऊन गेलात तर पेरणी उलटल्यावर बियाणं आणल्यासारखं होतं. गणपती ते दिवाळी हा खरा काळ.

पुण्यात यासाठी सरळ वाट आहे. २००६ पासून पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेल्या कामांची सोय आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे तिथल्या वॉर्ड ऑफिसात, त्याचे अर्ज मिळतात. पदपथ, बाके, दिवे, पावसाळी गटार अशी छोटी, सार्वजनिक जागेतली कामं त्यात बसतात. कामाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते, तेव्हा उड्डाणपूल मागू नका. अर्ज भरताना अंदाजे लांबी-रुंदी लिहिली आणि अभियंत्याशी आधी बोलणं झालेलं असलं, तर छाननीत काम टिकण्याची शक्यता वाढते. ही सोय अनेक पुणेकरांना ठाऊकच नसते, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

दुसरी वाट नगरसेवकाची. २०२२ मध्ये मुदती संपल्यावर कित्येक महापालिकांत दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार होता आणि लोकांची ही वाट मोडली होती. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक, पुण्यात मात्र बहुतेक प्रभागांतून चौघे निवडून येतात. तिथं चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. त्यावर उपाय म्हणजे चौघांना एकाच दिवशी एकच पत्र द्यायचं आणि प्रत्येकाच्या पत्रावर उरलेल्या तिघांची नावं "प्रत माहितीसाठी" म्हणून लिहायची. पुण्यात नगरसेवकांच्या कामांच्या यादीला "सहयादी" म्हणतात. आपलं काम तिच्यात आलं का, हे अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी विचारा. आणि कुठल्याही पक्षाचा झेंडा आपल्या गटाला चिकटू देऊ नका. पुढच्या निवडणुकीत माणूस बदलला की झेंड्याबरोबर कामही पडतं.

पायरी ६: काम सुरू झाल्यावर

ठेकेदार आला की आपलं काम संपलं असं समजू नका. कार्यादेशाची, म्हणजे वर्क ऑर्डरची प्रत मागा. त्यात कामाची लांबी, मुदत आणि दोष दायित्व कालावधी असतो. त्या कालावधीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ही तारीख सोसायटीच्या फळ्यावर लिहून ठेवा. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी पाहणी करून अर्ज द्या, नंतर दिलात तर खर्च पुन्हा महापालिकेच्या म्हणजे आपल्याच खिशातून.

कागद मिळत नसेल तर २०१८ च्या शासन निर्णयाने दिलेली सवलत वापरा: दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत महापालिकेतले अभिलेख नागरिकांना पाहता येतात. तेवढ्यानं भागलं नाही तर माहिती अधिकार. राज्याच्या नियमांप्रमाणे शुल्क १० रुपये, विषय एकच, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. "काम का झालं नाही?" असं विचारू नका, "का" म्हणजे माहिती नव्हे असं उत्तर येतं. "अर्ज आवक क्र. अमुकवर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी" असं मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील.

पायरी ७: आपल्या वाट्याचं

कचऱ्याचा ढीग हा यातला सगळ्यात अवघड प्रकार, कारण तो महापालिका टाकत नाही. ढीग उचलून तिथं रांगोळी काढायची, कुंड्या मांडायच्या, फोटो काढायचा हा ठरलेला कार्यक्रम, आणि आठवड्यात कुंड्यांच्या मधोमध पिशव्या दिसतात. त्या टाकतं कोण आणि कधी, हे आधी पाहा. सकाळी साडेसहाला कामावर निघणारी बाई, आठला येणारी घंटागाडी, आणि मधली पिशवी, इतकं सरळ ते गणित असू शकतं. रात्री उशिरा आवरणारा खाऊगाडीवालाही बहुतेक ठिकाणी असतोच.

इथं आरोग्य निरीक्षक आणि मुकादमाला सोबत घेऊन बसावं लागतं. महापालिकेने गाडीची वेळ अलीकडे आणायची किंवा रात्रीची फेरी लावायची. रहिवाशांनी पहिले काही आठवडे पाळीपाळीने त्या जागी उभं राहायचं, टाकणाऱ्याशी न भांडता गाडीची वेळ सांगायची, आणि स्वतःच्या इमारतीत ओला-सुका वेगळा करायचा. दंडाची पावती सगळ्यात शेवटी. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९० च्या दशकात कचऱ्यापासूनच सुरुवात केली होती, आणि मुंबई महापालिकेची एएलएम, म्हणजे परिसर व्यवस्थापन गटांची योजना तिथून वाढली. मुंबईत असाल तर आपल्या गल्लीचा असा गट वॉर्डात नोंदवता येतो का ते विचारा.

पायरी ८: अडलंच तर

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत आयुक्तांचा लोकशाही दिन, म्हणजे तक्रारी ऐकण्याचा दिवस असतो. अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि खालच्या पातळीवरची पोहोच तिथं कामी येते. प्रभाग समितीच्या बैठकीचा विषय व्हावा म्हणून नगरसेवकाला पत्र द्या. महापालिका अधिनियमाप्रमाणे या समितीवर स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेता येतात, तेही कोण आहेत ते शोधा. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे, पण गावात ग्रामसभा भरते तशी ती शहरात भरताना दिसत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचं नाव घेऊन खड्ड्याची मुदत मागणारे भेटतात. तो कायदा दाखले, नळजोड अशा अधिसूचित सेवांसाठी आहे, त्यात हात घालून वेळ दवडू नका.

या सगळ्याची एक फाइल ठेवा, खरीखुरी, कागदाची. अर्ज, पोहोच, फोटो, वर्क ऑर्डर, बैठकीच्या नोंदी. अभियंत्यांच्या बदल्या होत राहतात आणि नव्या माणसाला तुमचा कोपरा ठाऊक नसतो. नवे साहेब रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात फाइलची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर द्या, आणि तिच्यावरही आवकचा शिक्का घ्या.