बेटावरच्या विमानतळाचे आकडे आणि आराखडा कसा तपासावा: सिंट मार्टेनचे उदाहरण

वर्षभरात एकूण किती प्रवासी आले-गेले, एवढा एकच आकडा समोर ठेवून छोट्या बेटावरच्या विमानतळाचा पुनर्विकास आराखडा तपासायला बसलात, तर उत्तर हमखास चुकते. बेटावर वर्षापेक्षा तास महत्त्वाचा असतो, आणि प्रवासी किती यापेक्षा ते कुठे चालले आहेत हे महत्त्वाचे असते. कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेनचा प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळ घेऊन ही तपासणी कशी करायची ते पाहू.

आधी नकाशा उघडा. बेट सुमारे 87 चौरस किलोमीटरचे. उत्तरेकडचा भाग फ्रान्सचा, दक्षिणेकडचा नेदरलँड्सच्या राज्यातला. ज्युलियाना विमानतळ डच भागात आहे. धावपट्टी सुमारे 2,300 मीटर, पश्चिम टोकाला माहो किनारा, उत्तरेला सिम्पसन बेचे खारे सरोवर, पूर्वेला डोंगर. फ्रेंच बाजूच्या ग्राँ कासची धावपट्टी साधारण 1,200 मीटरची, तिथे छोटी पंख्याची विमाने उतरतात. म्हणजे मोठी जेट विमाने सगळी ज्युलियानाला. शिवाय सेंट बार्ट, साबा, स्टेशिया आणि अँग्विला या शेजारच्या बेटांना जाणारे कितीतरी लोक इथेच विमान बदलतात. साबाची धावपट्टी 400 मीटर आणि सेंट बार्टची 650 मीटरच्या आसपास आहे, तिथे जेट उतरूच शकत नाही.

आकडे गोळा करताना

पर्यटन खात्याचा आकडा आणि विमानतळाचा आकडा एकाच रकान्यात लिहू नका. पर्यटन खाते 'आलेले पर्यटक' मोजते, म्हणजे माणूस एकदाच. विमानतळ उतरणारे आणि चढणारे दोघांनाही मोजतो, म्हणजे तोच माणूस दोनदा. विमान बदलणारा प्रवासी उतरताना एकदा आणि पुढच्या विमानात चढताना एकदा मोजला जातो, परतताना पुन्हा तसेच. त्यामुळे विमानाने सेंट बार्टला जाऊन आलेला एक पर्यटक ज्युलियानाच्या खात्यात चारदा येतो. विमानातून न उतरता त्याच विमानाने पुढे जाणारे मात्र एकदाच मोजतात, त्यांचा रकाना वेगळा ठेवा. क्रूझ जहाजांचे प्रवासी फिलिप्सबर्गच्या बंदरावर उतरतात. बेटाच्या पर्यटनात त्यांची संख्या फार मोठी असते, पण टर्मिनलशी त्यांचा संबंध नसतो. विमानतळाच्या मागणीत ते मिसळलेले दिसले, तर तो अंदाज तिथेच बाजूला ठेवा.

आता पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याच्याशी पुढची तुलना करायची ते वर्ष. इथे बहुतेक अहवाल घसरतात. 6 सप्टेंबर 2017 रोजी इर्मा हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ ताशी सुमारे 285 किलोमीटरच्या वाऱ्यांनिशी बेटावर आदळले. टर्मिनलचे छप्पर फाटले, पाणी आत शिरले, पुढे बुरशी चढली, आणि प्रवाशांची ये-जा काही काळ तंबूंतून करावी लागली. हॉटेले सावरत होती तोवर 2020 ची महासाथ आली. म्हणून 2018 धरून काढलेली टक्केवारी फुगलेली दिसते, आणि जगभर वापरले जाणारे 2019 हे वर्षही इथे निरोगी नाही. सप्टेंबर 2016 ते ऑगस्ट 2017 हे वादळाआधीचे सलग बारा महिने 100 धरा आणि पुढचा प्रत्येक बारा महिन्यांचा सरकता योग, म्हणजे दर महिन्याला एक महिना पुढे सरकवून काढलेली बेरीज, त्याच्याशी ताडून पाहा.

महिना मागच्या महिन्याशी लावून पाहू नका. डिसेंबर मध्य ते एप्रिल मध्य हा तेजीचा हंगाम, सप्टेंबर-ऑक्टोबर मंदीचा. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, पण मार्च आणि एप्रिल नेहमी एकत्र घ्या. ईस्टर 2024 मध्ये 31 मार्चला होता आणि 2025 मध्ये 20 एप्रिलला. हे दोन महिने सुटे पाहिले तर मार्च पडल्यासारखा आणि एप्रिल उसळल्यासारखा दिसतो. लीप वर्षाच्या फेब्रुवारीत एक दिवस जास्त असतो, तो वजा करूनच वाढ काढा.

प्रवासी कोणाचे आहेत ते शोधा

एकूण आकड्याचे तीन भाग करा: बेटावर राहायला येणारे, विमानाने शेजारच्या बेटांवर जाणारे, आणि इथे उतरून बोटीने अँग्विलाला जाणारे. तिसरा गट आकडेवारीत पहिल्यासारखाच दिसतो. तो वेगळा काढायला बोटचालकांची नोंद लागते, ती मागून घ्या.

ही फोड का हवी, ते अँग्विलाकडे पाहिले की कळते. तिथली धावपट्टी वाढवून सुमारे 1,665 मीटर केलेली होती. डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मायामीहून थेट एम्ब्रेअर 175 हे छोटे जेट विमान सुरू केले. समजा वर्षाला 10,000 पर्यटक बोटीची वाट सोडून थेट गेले, तर ज्युलियानाचे 20,000 प्रवासी कमी होतात. तेच लोक आधी विमान बदलून जात असतील तर 40,000. सिंट मार्टेनचे पर्यटन त्या वर्षी उत्तम चाललेले असले तरीही हा खड्डा पडतो. दुसऱ्याच्या धावपट्टीवर अवलंबून असलेली वाढ आराखड्यात कायमची म्हणून धरली असेल, तर तिथे लाल खूण करा.

राहायला येणाऱ्यांच्या वाढीचा अंदाज खोल्यांशी ताडा. 20,000 जादा पर्यटक, सरासरी 7 रात्री, एका खोलीत दोघे: 20,000 × 7 ÷ 2 ÷ 365 म्हणजे रोज सुमारे 192 खोल्या भरलेल्या. सरासरी 70 टक्के खोल्या भरतात असे धरले तर 274 नव्या खोल्या हव्यात. त्या कुठे, कोण, कधी बांधणार, याचे उत्तर नसेल तर प्रवासीवाढही नाही.

गर्दीचा तास

अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाचे ठोकताळे सांगतात की वर्षाला 10 लाख ते 1 कोटी प्रवासी असतील तर गर्दीच्या तासाला त्याच्या 0.05 टक्के धरा. 15 लाखांना 750 प्रवासी, येणारे-जाणारे मिळून. बेटावर हा आकडा तोकडा पडतो. अमेरिका-कॅनडाहून सकाळी निघालेली विमाने दुपारीच पोहोचतात, हॉटेलांतल्या पाहुण्यांची अदलाबदल शनिवार-रविवारी होते. त्यातच सेंट बार्टच्या धावपट्टीवर रात्रीचे दिवे नाहीत, आणि हिवाळ्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. त्यामुळे पुढे जाणाऱ्यांना दुपारीच उतरावे लागते. सगळी वर्दळ तीन-चार तासांत कोंबली जाते.

म्हणून तेजीच्या हंगामातल्या शनिवारचे वेळापत्रक घेऊन स्वतः मोजा. समजा एका तासात 290 आसनांचे एक रुंद धडाचे मोठे विमान आणि 160 आसनांची तीन विमाने उतरली. 770 आसने, 85 टक्के भरलेली, म्हणजे सुमारे 655 माणसे. तितकीच निघणार, म्हणजे 1,310. ठोकताळ्याच्या पावणेदोन पट.

आता याच 655 जणांना इमिग्रेशनच्या रांगेत उभे करा. 15 टक्के पुढे जाणारे वेगळ्या वाटेने गेले तर 557 उरतात. एका माणसाला 75 सेकंद लागले तर एका काउंटरवर तासाला 48. साधा भागाकार 12 काउंटर सांगतो आणि आराखड्यातही बहुधा 12 च असतात. पण विमाने तासभर समान अंतराने येत नाहीत. ही माणसे 40 मिनिटांत हॉलमध्ये आली, तर तोवर 12 काउंटरवरून 384 सुटतात, 173 रांगेत उरतात आणि शेवटच्या माणसाला 18 मिनिटे थांबावे लागते. थांबणे 10 मिनिटांत आणायचे तर 14 काउंटर हवेत. आणि तिथे बसणारे अधिकारी सरकारचे, विमानतळाचे नव्हेत. त्यांच्या भरतीचे लेखी वेळापत्रक मागा. नऊच अधिकारी असतील तर चौदा काउंटरवरचा खर्च वाया.

पुढे जाणाऱ्यांच्या सामानाकडेही बघा. सेंट बार्ट आणि साबाला ट्विन ऑटर ही 19 आसनी पंख्याची विमाने जातात. त्यांचे उड्डाणाचे कमाल वजन 5,670 किलो, त्यात धावपट्टी आखूड. जड बॅगा मागे राहून पुढच्या फेरीने जातात. त्यांच्यासाठी कुलपाची, पावसापासून आडोशाची जागा नकाशात दिसली पाहिजे.

धावपट्टी

आंतरराष्ट्रीय नागरी हवाई संघटनेच्या नियमानुसार धावपट्टीच्या टोकापुढे 60 मीटरची पट्टी आणि तिच्यापुढे किमान 90 मीटरचे सुरक्षा क्षेत्र लागते. मोठ्या विमानांसाठी शिफारस 240 मीटरची आहे. म्हणजे प्रत्येक टोकाला 150 ते 300 मीटर. रस्ता, किनारा आणि सरोवर यांच्यामध्ये ही जागा कुठून येणार ते विचारा. तीन वाटा असतात: पाण्यात भराव, चाके रुतवून विमान थांबवणारे ठिसूळ काँक्रीटचे ठोकळे, किंवा जाहीर केलेली लांबी कमी करणे. तिसरी वाट कागदावर फुकट असते, पण पॅरिसला जाणाऱ्या जड विमानाला तेवढे इंधन किंवा माणसे कमी घ्यावी लागतात. जुन्या अहवालात पृष्ठभागाच्या ताकदीचा पीसीएन आकडा असेल, तर तो नव्या पीसीआरशी जोडू नका. नोव्हेंबर 2024 पासून नवी पद्धत लागू आहे आणि तिचे आकडे साधारण दहापट मोठे असतात. 'ताकद दहापट वाढली' असे वाचून आनंद मानणारे भेटतात.

वादळ आणि पैसा

इर्मानंतरच्या पुनर्बांधणीला नेदरलँड्सच्या पैशातून उभारलेला, जागतिक बँकेने सांभाळलेला निधी आणि युरोपीय गुंतवणूक बँकेचे कर्ज लागले. नव्या टर्मिनलचे औपचारिक उद्घाटन नोव्हेंबर 2024 मध्ये झाले, वादळानंतर सात वर्षांनी. म्हणून छपराची रेखाचित्रे सर्वांत आधी मागा. वारा छपराला दाबत नाही, उचलतो, आणि कडा व कोपऱ्यांत मधल्या भागापेक्षा जास्त जोराने उचलतो. तिथे पत्र्याच्या क्लिपा जवळजवळ आहेत का, कडेची पट्टी स्वतंत्रपणे बांधलेली आहे का, वरची वातानुकूलन यंत्रे स्लॅबला बोल्टने धरली आहेत का, ते पाहा. छप्पर टिकले तरी जाळीच्या झडपांतून पाणी शिरते आणि वीज नसताना चार-पाच दिवसांत बुरशी भिंतीच्या आत पोहोचते. विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 4 मीटरवर आहे, तेव्हा जनरेटर आणि मुख्य वीजफलक तळमजल्यावर नकोत.

कामाचे वेळापत्रकही हंगामाशी ताडून पाहा. चक्रीवादळांचा काळ 1 जून ते 30 नोव्हेंबर, तेजीचा हंगाम लगेच पुढे. छप्पर उघडे ठेवायची पाळी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये येत असेल, तर क्रम बदलायला लावा. पोलाद, काच, सरकते जिने सगळे जहाजाने येते. एक चुकीचा सुटा भाग आला तर बदलून यायला आठवडे जातात.

शेवटी कर्जाचा तक्ता उघडा. हप्ते प्रवासी शुल्कातून जाणार असतील, तर एका वर्षी वर्दळ 60 टक्क्यांनी घटली असे टाकून पुन्हा हिशेब करा. 2017 ते 2020 या तीन वर्षांत असा धक्का दोनदा बसला. राखीव निधी किती महिन्यांचे हप्ते भरतो आणि विमा बुडालेले उत्पन्न किती महिने भरून देतो, ही दोन उत्तरे लेखी मिळेपर्यंत आराखड्यावर सही करू नका.