सोलापुरात एकटीनं बसायचं कसं

सोलापुरात एकटं बसणं अवघडच काम आहे बघा, तळ्याकाठी पाच मिनिटं टेकलात की कोणीतरी ओळखीचं येऊन विचारतंच, "काय झालं बे, घरात भांडण झालं का?" बायकांना तर "एकटीच?" हा प्रश्न फुकटात. तरी मी आठवड्यातून एकदा तासभर बसतेच.

पहिली गोष्ट, शांतता शोधत फिरू नका. माझं लहानपण पॉवरलूमच्या शेजारी गेलं, दिवसभर खटखट, अभ्यास त्यातच आणि झोप पण त्यातच, उलट लाईट गेली आणि लूम बंद पडले की दचकून जाग यायची. एकांताला आवाज चालतो, फक्त आपल्याला कोणी हाक मारायला नको.

जागा म्हणाल तर सिद्धेश्वर तळं, सकाळी सहा-साडेसहाला. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते तेवढे दिवस सोडा, तेव्हा एकांत विसरायचा आणि गरम भजी खायची. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, एवढे मोठे शिवयोगी, पण गुहेत जाऊन नाही बसले, लोकांना सोबत घेऊन तळं खोदलं आणि समाधीपण तिथंच. मला तिथं बसलं की हेच डोक्यात येतं. शेजारी भुईकोट किल्ल्यात बाग आहे, बायकांना तिथं जास्त निवांत वाटतं. थंडीत बार्शी रोडला नान्नजचं माळरान भारी, पण माळढोक पक्षी दिसेल म्हणून जाऊ नका, आता तो दिसणं म्हणजे नशीबच, काळवीट दिसतात आणि वाऱ्यावर हलणारं गवत असतंच. एवढ्या लांब मी एकटी जात नाही, भावाला नेते आणि लांब झाडाखाली बसवते, तो तिकडं रील्स बघतो. मे महिन्यात पारा 42-43 ला गेला की मात्र कुठंच नको, पहाटेची गच्ची बरी.

आता खरं काम. मोबाईल गाडीच्या डिकीत. पहिली पंधरा-वीस मिनिटं भयंकर जातात हे आधीच सांगते, गॅस बुक करायचाय, लाईट बिल राहिलंय, तिनं मला असं का म्हटलं, सगळं एकदम वर येतं. त्याला ढकलायचं नाही, मी जुन्या पावतीच्या मागं पेनानं लिहून टाकते, कागदावर गेलं की डोकं सोडतं ते. बहुतेक जण इथंच कंटाळून उठतात आणि म्हणतात आपल्याला नाही जमत. थांबा की अजून जरा! मग एकच काहीतरी बघायचं, मी पाण्यातला बगळा बघते, किती वेळ हलत नाही तो, आणि हलला की आपल्यालाच कायतरी मिळाल्यासारखं वाटतं. फोटो काढायचा नाही, काढला की तो कुणाला पाठवायचा हे सुरू होतं.

सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्या, मोडताना कडकड आवाज येतो तो गर्दीत कधी ऐकूच येत नाही.

मन आधीच खचलेलं असेल तर मात्र हे करू नका, तेव्हा मैत्रिणीला फोन लावा, एकटेपणा वेगळा आणि हे वेगळं.

आणि हो, परत येताना मंडईतून कोथिंबीर घेऊन या, मग घरात "कुठं गेलतीस" कोणी विचारत नाही.