आपलं डिजिटल आर्ट छापून विकायचंय? हे वाचा

प्रिंट ऑन डिमांडमध्ये माल भरून ठेवायची गरजच नाही, आपण डिझाइन टाकायचं, ऑर्डर आली की कंपनीवालेच छापतात, पॅक करतात, पाठवतात, आपल्याला मार्जिन मिळतं. बाहेरदेशी विकायचं तर रेडबबल ही वेबसाइट आहे, भारतात तिरुपूरचं क्विकिंक नाहीतर चेन्नईचं प्रिंट्रोव्ह, पण या दोघांसोबत गिऱ्हाईक आपल्यालाच आणावं लागतं, शॉपिफायवर वगैरे स्वतःचं ऑनलाइन दुकान उघडून.

फाईल मात्र नीट बनवा भाऊ. ए३ पोस्टर ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, कॅनव्हास सुरुवातीलाच एवढा घ्या, छोटं चित्र नंतर ताणलं की कडा फाटतात. टीशर्टला चित्रामागचा भाग पारदर्शक असलेली पीएनजी फाईल लागते, आणि काळ्या कापडावर काळी रेघ गायब होते ते आधीच बघा.

मी नागपूरच्या पिवळ्या मारबतीचं (मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्याचं) चित्र काढलं होतं, स्क्रीनवर पिवळा नुसता झळाळत होता अन् छापून आलं तर पातळ वरणासारखा फिका, खूप वाईट वाटलं. स्क्रीनचे रंग आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश), छपाईची शाई सीएमवायके (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी), सगळे रंग तसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून विकायच्या आधी एक सॅम्पल स्वतःसाठी मागवाच, आणि ते दिवसाउजेडी बघा.

विषय आपल्या नागपूरचेच घ्या ना, मारबतीच्या मिरवणुकीतले बडग्या पुतळे, संत्र्याची टोपली, तर्री पोह्याची प्लेट. सिनेमातले हिरो, क्रिकेट टीमचे लोगो अजिबात नको, कॉपीराइट ट्रेडमार्कच्या तक्रारीत अकाउंट बंद होऊ शकतं. किंमत लावताना छपाई, शिपिंग, जीएसटी सगळं धरा, मग आपली मेहनत.