वेगवान हाताचं पोर स्टार्टर की रिलिव्हर? नव्या बेसबॉल कोचसाठी माझा अनुभव

पोरगा पंधरा वर्षांचा. फास्टबॉल असा की बॅटर हलायच्या आत चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये. अमेरिकेत शाळेच्या टीमबरोबर काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी मी त्याला शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवायचो. दहा-पंधरा चेंडू टाकायचे, सामना खिशात. मोसम संपल्यावर वही चाळली, तर त्याने वर्षभरात एकही चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणारा पण संथ चेंडू, टाकलेला नव्हता. गरजच पडली नव्हती, आणि ती पडू न देणारा मीच होतो.

आपण क्रिकेटमधून आलेली माणसं वेगाला भुलतो. पण स्टार्टरला, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरला, तेच बॅटर दोन-तीनदा भेटतात. दुसऱ्या फेरीपर्यंत त्यांची नजर बसते, तेव्हा तिसऱ्या प्रकारचा चेंडू लागतो. नंतर थोड्या वेळासाठी येणाऱ्या रिलिव्हरचं दोन प्रकारांवर भागतं. यांकीजच्या मारियानो रिव्हेराने तर मुख्यतः एका कटरवर, म्हणजे शेवटच्या क्षणी किंचित वळणाऱ्या वेगवान चेंडूवर, 652 सेव्ह केले, म्हणजे तितक्या वेळा शेवटी येऊन संघाची आघाडी राखली. 1995 मध्ये तो 10 सामन्यांत स्टार्टर होता, रिलिव्हर म्हणून बहरला. म्हणजे बुलपेन, रिलिव्हर जिथे गरम होत थांबतात ती जागा, ही काही शिक्षा नव्हे. फक्त पंधराव्या वर्षी तिथे कायमचं बसवू नका.

पिचर योहान सांतानाचं उदाहरण मी प्रत्येक पालकाला सांगतो. मिनेसोटा ट्विन्सने त्याला सुरुवातीची वर्षं बरीचशी बुलपेनमध्येच वापरलं. 2002 मध्ये त्याला खालच्या लीगमध्ये एडमंटनला पाठवलं, तिथे त्याने चेंजअप घोटून घेतला. 2004 आणि 2006 मध्ये साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार!

एक धोका मला उशिरा कळला. पिच स्मार्ट या मुलांचे हात जपण्यासाठीच्या अमेरिकी नियमावलीत 15-16 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू, आणि 76 किंवा जास्त टाकले की चार दिवस विश्रांती. पण शेवटच्या इनिंगसाठी थांबलेलं पोर बुलपेनमध्ये दोनदा गरम होतं, पुन्हा बसतं. ते चेंडू कुणाच्या हिशेबात येत नाहीत. खांदा मात्र ते मोजत असतो. तुम्ही ते वहीत लिहाच.

दुसऱ्या वर्षी त्याला शनिवारी स्टार्टर केलं. मर्यादा 45 चेंडू, अट एकच: प्रत्येक बॅटरला निदान एक चेंजअप. पहिले तीन शनिवार बेदम मार बसला. वडील कुंपणाशी गप्प उभे असायचे, मला त्यांच्याकडे बघवत नसे. चौथ्या शनिवारी त्याने चेंडू तळव्यात खोल दाबला, अंगठा आणि तर्जनीचं कडं केलं आणि हात फास्टबॉलच्याच जोराने फिरवला. बॅटरची बॅट फिरून झाली, तेव्हा कुठे चेंडू प्लेटवर पोचला. पोराने आधी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

पुढे तो स्टार्टर राहील की नाही, हे अजून ठरायचंय. या शनिवारी 60 चेंडू, मग दोन दिवस विश्रांती.